यकृतावरील शस्त्र आणि पांचवा दिवस

बालाघाटाच्या डोंगररांगेंत, रामलिंगाच्या दरीजवळ वसलेलें येडशी हें गांव आज धाराशिव जिल्ह्यांत आहे. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें; पश्चिमेस थोडक्या अंतरावर असलेली बार्शी मात्र इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यांत मोडत असे. सरहद्दीवरच्या या गांवाचें दळणवळण पुष्कळ काळ बैलगाडीवर अवलंबून होतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनिअरनें उभारलेली बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवणारी छोटी आगगाडी, १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंतच जात होती. १९०७ मध्यें ती बार्शीहून पुढें येडशीवरून तडवळ्यापर्यंत आली, आणि १९११ मध्यें लातुरास पोंचली. दुसऱ्या अंगास १९०६ त पंढरपूर जोडलें गेलें होतें. १९२७ सालीं तीच वाट मिरजेपर्यंत गेली. या गाडीनें कापूस वाहिला, गळिताचीं धान्यें वाहिलीं, पंढरीचे वारकरी वाहिले, हें सर्वांस ठाऊक आहे. तिनें रोगीहि वाहिले, याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

मिरजेस १८९४ सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें रुग्णालय सुरू झालें होतें. कॅनडांत जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस यांचें नांव शस्त्रवैद्य म्हणून दक्षिण महाराष्ट्रांत घरोघर झालें होतें. येडशीच्या माणसाला स्वतःच्या राज्याची राजधानी गांठावयाची तर कुर्डुवाडीस उतरून, मोठ्या रुळांच्या गाडीनें सोलापूर, वाडी असा फेरा घेऊन हैदराबादेस जावें लागे. परराज्यांतील मिरज मात्र १९२७ नंतर त्याच्या घरच्या छोट्या गाडीच्या वाटेवर आली.

अशा गाडींत बसणाऱ्या एका रोग्याचें चित्र त्या काळच्या कोणत्याहि वैद्याला परिचित होतें. दोन-तीन महिन्यांपूर्वीं आंव पडून गेलेली असावी. मग उजव्या बरगडीखालीं ठणका लागावा, तो उजव्या खांद्यांत चमकावा, तिन्हीसांजेला हुडहुडी भरून ताप यावा, पहांटे घामानें अंथरूण भिजावें, आणि अन्नावरची वासना उडावी. हीं यकृतांतील गळवाचीं लक्षणें. खेड्यांत त्यावर डाग देत, बिब्बा लावीत, देवाला नवस बोलत. त्यांतूनहि रोगी तगला आणि रुग्णालयाच्या दारीं पोंचला, तरी तेथें त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राही तो मोठा विलक्षण होता. शस्त्र न लावलें तर गळूं फुटून मरण. आणि शस्त्र लावलें तर? पुष्कळ वर्षें या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि मरण असेंच येत होतें. यकृतावर शस्त्र चालविण्याचा इतिहास हा एका अर्थीं शस्त्र खालीं ठेवल्यानंतरच्या दिवसांचा इतिहास आहे.

मराठींत काळीज हा शब्द यकृत आणि हृदय या दोहोंसहि चालतो. खाटकाच्या दुकानांत काळीज मागितलें तर यकृत मिळतें. कवीच्या काळजास घाव बसला तर तो मात्र हृदयालाच लागला असें समजावें लागतें. वैद्यांनीं असा घोटाळा केला नाहीं. सुश्रुतसंहितेंत शरीराच्या आंत होणाऱ्या विद्रधीचीं, म्हणजे गळवांचीं, स्थानें सांगतांना यकृताचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच ठिकाणीं एक भाकीतहि आहे. नाभीच्या वरचें गळूं पिकून त्याचा पू वरच्या वाटेनें गेला तर रोगी जगत नाहीं. खालच्या वाटेनें गेला तर जगतो. अर्वाचीन वैद्यांचा अनुभव याच्याशीं सर्वस्वीं जुळत नाहीं. यकृतांतील गळूं फुप्फुसांत फुटून विटकरी रंगाचा पू खोकल्यावाटें पडून गेला आणि रोगी बरा झाला, असें त्यांनीं पाहिलें आहे. पोटाच्या पोकळींत फुटणारें गळूंच अधिक घातक. तथापि कोणता रोगी वांचेल हें आधींच ओळखूं पाहणारी ही दृष्टि फार जुनी आहे, आणि पुढची सारी कथा त्याच दृष्टीची आहे.

या कथेचा एक मोठा अंक येडशीच्या राज्याच्या राजधानींतच घडला. ज्या औषधानें रोग्यास बेशुद्ध करावयाचें तें क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतें कीं श्वास, असा वाद युरोपांत माजला होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनीं १८८८ सालीं एक कमिशन बसवून कुत्र्यांवर प्रयोग केले. त्याचा निर्णय विलायतेंत कोणी मानीना, तेव्हां १८८९ मध्यें निजाम सरकारच्या खर्चानें दुसरें कमिशन बसलें. लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकीय पत्राच्या वतीनें लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य त्यासाठीं हैदराबादेस आले. शेंकडों कुत्रीं व माकडें या प्रयोगांत खर्चीं पडलीं. रुपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंचाहि त्यांत सहभाग होता. भूल देण्याच्या शास्त्रांत नांव मिळविणाऱ्या जगांतील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कमिशननें सांगितलें कीं श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्यानें नाडीवर बोट न ठेवतां श्वासावर डोळा ठेवावा.

श्वासावर डोळा ठेवावा ही शिकवण उपयोगी होती. नाडीकडे पाहूं नये ही घातक होती. १९११ सालीं लेव्ही यानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं भूल हलकी असतांना क्लोरोफॉर्मनें हृदयाची लय एकाएकी बिघडून तें थांबूं शकतें. पण हैदराबादच्या दोन्ही कमिशनांच्या नजरेंतून आणखी एक गोष्ट निसटली होती, आणि ती यकृताची होती. प्रयोगांतील जनावर मेजावर मेलें कीं जगलें एवढेंच तेथें मोजलें गेलें. १८९४ सालीं लंडनच्या लिओनर्ड गथ्री यानें लहान मुलांच्या कांहीं केसेस प्रसिद्ध केल्या. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, मूल शुद्धीवर आलें, आईशीं बोललें. आणि मग ओकाऱ्या सुरू झाल्या, भ्रम झाला, आणि मूल दगावलें. उत्तरीय तपासणींत यकृत चरबीनें भरलेलें आढळलें. पुढें १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज व्हिपल यानें कुत्र्यांवर दाखविलें कीं क्लोरोफॉर्मनें यकृताचा गाभा मरतो, आणि कुत्रें त्यांतून तगलें तर तेंच यकृत कांहीं आठवड्यांत पुन्हां भरून येतें. जें सर्वांत लवकर जळतें तेंच सर्वांत लवकर उगवतें, असें हें चमत्कारिक इंद्रिय आहे. याच व्हिपलला १९३४ मध्यें रक्तक्षयावरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

गळवाचें कोडें सुटलें तें कलकत्त्यास. आंवेचा एक प्रकार अमीबा नांवाच्या सूक्ष्म जीवानें होतो, हें १८७५ सालीं रशियांतील लेश यानें पाहिलें होतें. १८९१ मध्यें बाल्टिमोरच्या कौन्सिलमन व लाफ्लर यांनीं या जीवाचा आणि यकृतांतील गळवाचा संबंध सविस्तर मांडला. आंतड्यांतून रक्तावाटें हा जीव यकृतांत जातो व तेथें मांस विरघळवून पोकळी करतो. कलकत्ता मेडिकल कॉलेजांतील लिओनर्ड रॉजर्स यांनीं दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट भाकिताची. यकृत सुजलें आहे, ताप आहे, पण पू अद्याप झालेला नाहीं, अशी एक पूर्वावस्था असते, आणि त्या वेळीं रक्तांतील पांढऱ्या पेशी मोजल्या तर त्या वाढलेल्या सांपडतात, हें त्यांनीं ओळखलें. हिंवतापानेंहि ताप येतो आणि हुडहुडी भरते. परंतु त्यांत पांढऱ्या पेशी बहुधा वाढत नाहींत. एका थेंबाच्या तपासणीनें पुढचें संकट आधीं कळूं लागलें. दुसरी गोष्ट निवारणाची. इपिकाक नांवाच्या मुळींतून काढलेलें एमेटीन हें औषध टोंचून आंत घातलें तर अमीबा मरतो, हें त्यांनीं १९१२ मध्यें रोग्यांवर दाखविलें. मनिला येथें व्हेडर यानें त्याच्या आदल्या वर्षीं कांचेच्या नळींतल्या प्रयोगानें याची वाट दाखविली होती. पूर्वावस्थेंत औषध मिळालें कीं गळूंच होत नसे, आणि शस्त्राचा प्रश्नच उरत नसे.

गळूं झालेंच तर काय? येथें रॉजर्सनीं जें सांगितलें तें शस्त्रवैद्यांना फार कडू वाटलें. त्या काळीं रीत अशी होती कीं पोट किंवा बरगड्यांमधील जागा मोठी चिरून, गळूं उघडून, त्यांत जाड रबरी नळी ठेवावयाची, आणि आठवडेच्या आठवडे पट्ट्या बदलावयाच्या. कोणत्याहि गळवाला हाच न्याय, मग यकृताला निराळा कां? रॉजर्सनीं लष्करी इस्पितळांचे आंकडे मांडले. उघड्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रोगी दगावत होते. कारणहि त्यांनीं दाखविलें. अमीबाच्या गळवांतील पू बहुधा इतर जंतूंपासून मुक्त असतो. तो दिसायला घाण, पण जंतूंच्या दृष्टीनें स्वच्छ. वैद्य जी वाट पू बाहेर काढण्याकरितां उघडतो त्याच वाटेनें बाहेरचे जंतु आंत शिरतात, आणि त्या दुसऱ्या विकारानें रोगी जातो. म्हणून जाड सुईनें पू ओढून घ्यावा, वाट बंद ठेवावी, लागल्यास पुन्हां ओढावा, आणि सोबत एमेटीन द्यावें. या रीतीनें मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. शस्त्रवैद्याच्या हाताला कमी काम दिल्यानें रोगी जास्त जगतात, हें पटायला एक पिढी जावी लागली. १९४३ सालीं अमेरिकेंतील ऑक्स्नर व डिबेकी यांना पुन्हां तेंच विस्तारानें सांगावें लागलें. १९६६ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील डर्बनच्या वैद्यांनीं मेट्रोनिडाझोलचा गुण या गळवावर दाखविला. आज येडशीच्या रोग्याला हा विकार झाला तर पुष्कळदां गोळ्यांवरच भागतें, क्वचित् सुई लागते, आणि सुरीची वेळ फारच थोड्यांवर येते.

येथपर्यंत गळवाची गोष्ट झाली. यकृताचा एखादा भाग गांठीसाठीं कापून टाकणें ही गोष्ट त्याहून पुष्कळ कठीण. यकृत म्हणजे रक्तानें भिजलेला स्पंज. त्यांत टांका धरत नाहीं, दोरा आंवळला तर मांस कापून जातो. बर्लिनचा कार्ल लांगेनबुख यानें १८८८ च्या सुमारास एका स्त्रीच्या यकृताचा डावीकडील भाग कापून काढला. त्याच दिवशीं आंत रक्तस्राव सुरू झाला आणि पोट पुन्हां उघडावें लागलें. सुदैवानें ती वांचली. १९०८ मध्यें ग्लासगोच्या होगार्थ प्रिंगल यानें एक साधी युक्ति सांगितली. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरा व धमनी एका जुडग्यानें आंत शिरतात. तें जुडगें चिमटींत दाबून धरलें कीं रक्ताचा लोंढा थांबतो. अपघातांत यकृत फाटलेल्या ज्या रोग्यांवर त्यानें ती केली ते वांचले नाहींत. युक्ति मात्र वांचली. आज जगांतील प्रत्येक यकृतशस्त्रज्ञ ती जाणतो. सामान्यतः पंधरा मिनिटें दाब, पांच मिनिटें मोकळीक, असा तिचा क्रम ठेवतात, म्हणजे यकृत गुदमरत नाहीं.

पण कापावें कोठें? जेम्स कॅन्टली या वैद्यानें १८९७ सालीं सांगितलें कीं यकृताची खरी वांटणी बाहेरून दिसणाऱ्या खांचेवर होत नाहीं. पित्ताशयापासून पाठीमागील महाशिरेपर्यंत ओढलेल्या कल्पित रेषेवर होते, आणि दोन्ही अर्धांना रक्त निराळें मिळतें. हाच तो कॅन्टली, ज्यानें आदल्या वर्षीं लंडनच्या चिनी वकिलातींत कोंडलेल्या आपल्या शिष्याची, सन्यत्सेनची, सुटका करविली. चीनच्या इतिहासांत त्याचें नांव त्या कारणानें राहिलें, वैद्यकांत या रेषेनें. पुढें पॅरिसमध्यें लोर्ता-जाकोब यानें १९५२ सालीं आधीं रक्तवाहिन्या बांधून उजवें यकृत पद्धतशीर काढलें, आणि १९५७ मध्यें क्विनो यानें यकृताचे आठ खंड आंखून दिले. तेव्हांपासून यकृत कापणें म्हणजे शिवार मोजून बांधावरून नांगर घालण्यासारखें झालें.

आतां हात तयार झाला, नकाशा मिळाला, रक्तहि आवरतां येऊं लागलें. तरीहि रोगी जात. रक्तस्रावानें गेलेला रोगी मेजावर किंवा त्याच रात्रीं जाई. हे रोगी आठवड्यानें, पंधरवड्यानें जाऊं लागले. प्रथम डोळे पिवळे, मग पोटांत पाणी, मग झोंप उलटी, बोलणें असंबद्ध, आणि शेवटीं बेशुद्धि. उरलेलें यकृत देहाचा भार पेलूं शकत नव्हतें. निरोगी उंदराचें दोनतृतीयांश यकृत कापलें तरी तें थोड्याच दिवसांत भरून येतें, असें १९३१ मध्यें हिगिन्स व अँडरसन यांनीं दाखविलें होतें. माणसाचेंहि निरोगी यकृत वाढतें. पण ज्याला गांठ होते त्याचें यकृत पुष्कळदां निरोगी नसतेंच. कावीळ ब किंवा क च्या विषाणूनें, दारूनें, किंवा मधुमेह व लठ्ठपणा यांबरोबर येणाऱ्या चरबीनें तें आधींच वाळून गांठाळलेलें असतें. खडकाळ जमिनींत पेरलेलें सगळेंच उगवत नाहीं, हें बालाघाटच्या शेतकऱ्याला सांगावयास नको.

तेव्हां प्रश्न असा झाला: किती काढलें यापेक्षां किती उरलें, आणि जें उरलें तें कसें आहे? १९६४ मध्यें अमेरिकेंत चाइल्ड व टर्कोट यांनीं, व १९७३ त लंडनमध्यें प्यू यानें, यकृताच्या बळाची एक साधी प्रतवारी बसविली. रक्तांतील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची शक्ति, पोटांतील पाणी आणि मनाची शुद्धि, या पांच गोष्टींवर अ, ब, क असे वर्ग पडतात. क वर्गांतील रोग्याच्या यकृताचा भाग कापूं नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. जपानांत मासातोशी माकुउची यांनीं याच्या पुढें पाऊल टाकलें. दंडाच्या शिरेंतून एक हिरवा रंग टोंचावयाचा. निरोगी यकृत तो भराभर उपसून टाकतें. पंधरा मिनिटांनीं रक्तांत दहा टक्क्यांहून कमी रंग उरला तर मोठा काप चालेल, अधिक उरला तर त्या मानानें लहान, फारच उरला तर केवळ गांठ खुडावी. जपानांत यकृताच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यु जवळजवळ नाहींसे करणाऱ्या केंद्रांनीं हा नियम कसोशीनें पाळला, असें म्हणावें लागतें.

दुसरें माप आकाराचें. क्ष-किरणांच्या सी. टी. चित्रांवरून उरणाऱ्या भागाचें आकारमान आधींच मोजतात. यकृत निरोगी असेल तर चौथा-पांचवा हिस्सा पुरतो. कॅन्सरच्या औषधांनीं शिणलेलें असेल तर सुमारें तीस टक्के, आणि वाळलेलें असेल तर चाळीस टक्के तरी उरावें लागतें. तेवढें उरत नसेल तर माकुउची यांनीं व जपानांतील इतरांनीं १९८० च्या दशकांत रूढ केलेला उपाय मोठा कल्पक आहे. आंतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेची जी फांदी काढावयाच्या भागाकडे जाते ती बाहेरूनच बुजवावयाची. पाट एका वाफ्याकडे बंद केला कीं सारें पाणी दुसऱ्या वाफ्यास मिळतें, त्याप्रमाणें दुसरा भाग तीन ते सहा आठवड्यांत वाढतो, आणि मग शस्त्र लावतात. तो वाढलाच नाहीं तर हीहि एक परीक्षाच. जें यकृत शस्त्रापूर्वीं वाढत नाहीं तें शस्त्रानंतर वाढेल अशी आशा करूं नये.

इतकें करूनहि कांहीं रोग्यांचें यकृत खचतेंच. तें ओळखावें केव्हां? पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांचेच आंकडे बिघडतात, त्यामुळें तेव्हां घाबरण्यांत अर्थ नसतो, आणि दहाव्या दिवशीं ओळखून उपयोग नसतो. पॅरिसजवळील क्लिशी येथील बोझों रुग्णालयाच्या वैद्यांनीं २००५ सालीं शेंकडों रोग्यांचे आंकडे पाहून पांचवा दिवस निश्चित केला. त्या दिवशीं रक्त गोठविण्याचें बळ पन्नास टक्क्यांच्या खालीं आणि बिलिरुबिन पन्नास मायक्रोमोलच्या, म्हणजे आपल्या मोजणीच्या सुमारें तीन मिलिग्रॅमच्या, वर असेल, तर त्यांतील निम्म्याहून अधिक रोगी जात असत. २०११ मध्यें आंतरराष्ट्रीय मंडळीनें यकृत खचण्याची जी व्याख्या ठरविली तीहि पांचव्या दिवसावरच बसविली. हा दिवस म्हणजे शिक्षेचा हुकूम नव्हे, धोक्याची घंटा आहे. पित्त गळून कोठें सांचलें आहे काय, पू झाला आहे काय, शिरेंत रक्ताची गुठळी बसली आहे काय, हें त्या दिवशीं शोधलें तर सुईनें, औषधानें बरेंच सांवरतां येतें. जंतुविकार वेळेवर आवरला तर दमलेलें यकृतहि पुन्हां उभारी धरतें. रॉजर्सनीं गळवाच्या बाबतींत सांगितलेली गोष्ट येथें निराळ्या वेषांत परत येते.

या सर्व मोजमापाची खरी कसोटी लागते ती निरोगी माणसाच्या बाबतींत. हिंदुस्थानांत १९९४ सालीं मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि १९९८ मध्यें दिल्लींत एका लहान मुलास बापाच्या यकृताचा तुकडा बसविण्यांत आला. तेव्हांपासून आपल्या देशांत यकृतदानाची शस्त्रक्रिया प्रामुख्यानें जिवंत नातलगांकडूनच होत आली आहे. भाऊ भावाला, बायको नवऱ्याला, लेक आईला यकृत देते. दात्यास कोणताहि रोग नसतो; त्याच्या बाबतींत एकहि चूक क्षम्य नाहीं. म्हणून त्याच्या यकृतांत चरबी किती, काढून घेतल्यावर उरेल किती, रोग्यास पुरेल किती, याचा हिशोब आधीं अनेकदां केला जातो; आणि हिशोब बसला नाहीं तर नातलग कितीहि रडले तरी वैद्यानें नाहीं म्हणावें लागतें. घरांतील सुनांनाच दाता म्हणून पुढें करण्याची एक रीत आपल्या समाजांत दिसते; तिच्याकडेहि रुग्णालयांच्या समितीनें डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे.

येडशीवरून धांवणारी ती छोटी गाडी आतां नाहीं. १९५४ सालीं सरकारनें बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली, आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर वाटेवर रुंद रूळ पडले. त्याच वेळीं ही वाट धाराशिव शहरावरून वळविण्यांत आली. रोगी आतां सोलापुरास, लातुरास, पुण्यास किंवा हैदराबादेस जातो, बहुधा मोटारीनें, हमरस्त्यावरून. बरोबर जुन्या चित्रांची पिशवी, दोन गोधड्या, आणि डबा घेऊन आलेला एखादा चुलता असतो. शस्त्रक्रिया होते, पहिली रात्र जाते, तिसरा दिवस जातो, रोगी थोडें पाणी पितो, कुशीवर वळतो. पांचव्या दिवशीं पहांटे परिचारिका दंडाला पट्टा बांधून रक्ताची नळी भरून नेते. आणि दुपारीं कागद येईपर्यंत चुलता व्हरांड्यांतील बांकावर बसून राहतो.